तारेबाहेर येऊन तीन पिढ्या झाल्या, तरी घरातली हजेरी संपत नाही : कुटुंबाने काय करावे?

तिसरी पिढी (प्रश्न)

नमस्कार. ब्रिटिशांच्या कायद्याने ज्यांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते, त्या विमुक्त जमातींपैकी एका जमातीतले आमचे कुटुंब आहे. कोणत्या, ते मी येथे लिहीत नाही. ते लिहायला माझा हात धजत नाही, हीसुद्धा माझ्या प्रश्नाचीच एक बाजू आहे असे समजावे. माझे आजी-आजोबा ब्रिटिशांच्या काळात सेटलमेंटमध्ये, म्हणजे अशा जमातींसाठीच्या कुंपणातल्या सक्तीच्या वसाहतीत, आमच्या घरच्या शब्दांत 'तारेच्या आत', राहत होते. वडील बाहेर आल्यानंतर जन्मले. मी शिकून शिक्षिका झाले, भाऊ नोकरीला लागला. बाहेरून पाहणाऱ्याला आमचे घर मार्गी लागलेले दिसते आणि बऱ्याच अर्थांनी ते खरेही आहे.

भावाचा मुलगा तेरा वर्षांचा आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या वर्गातल्या एका मुलाचे पैसे हरवले, तेव्हा सगळ्यांत आधी, सगळ्या वर्गासमोर, याचे दप्तर उपडे करण्यात आले. दुसऱ्या दिवशी ते पैसे त्या मुलाच्या घरीच सापडले. शाळेने आमच्याशी त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. मला त्याहून अधिक लागले ते घरात घडलेले. माझ्या भावाने, जो एरवी मुलावर कधी आवाजही चढवत नाही, त्याला त्या संध्याकाळी मारले. पोराची काही चूक नाही हे त्याला ठाऊक होते. "लोकांची नजर तुझ्यावर जाईल असा तू राहतोसच का?" एवढेच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. त्या दिवसापासून मुलगा रोज सकाळी निघण्यापूर्वी दप्तर उघडून आईला दाखवतो आणि संध्याकाळी आल्यावर पुन्हा दाखवतो. त्याला तसे करायला कोणी सांगितलेले नाही.

माझी आजी दिवेलागण झाली की आम्हा सगळ्या नातवंडांना एकेकाचे नाव घेऊन हाक मारत असे आणि प्रत्येकाने 'आहे' असे उत्तर द्यावे लागे. एखाद्याचे उत्तर आले नाही, तर तिचे हातपाय कापू लागत. आम्हाला तो खेळ वाटायचा. पुढे सेटलमेंटमध्ये रोज होणाऱ्या हजेरीबद्दल मी वाचले, तेव्हा आजी काय करत होती ते माझ्या लक्षात आले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. भाऊ आजही रात्री सगळ्यांना फोन करून कोण कुठे आहे ते विचारतो. झोपण्यापूर्वीचे त्याचे शेवटचे काम तेच असते.

मुलाला आम्ही एका समुपदेशक बाईंकडे चार वेळा नेले. त्या मनाने चांगल्या होत्या, पण त्यांनी त्याला एकट्याला समोर बसवून धीट व्हायला शिकवले. घरात इतर कोणाला काही विचारले नाही. इतर देशांत अशा समाजांबरोबर काम करताना सगळे कुटुंब, घरातली वडीलधारी माणसे, घरची बोली आणि रीतिरिवाज यांच्या आधाराने मनाच्या जखमा भरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत, असे मी वाचले आहे. आपल्याकडे कोणी असे केले आहे काय? आजोबांच्या काळातली भीती नातवाच्या मुलापर्यंत खरोखर पोहोचते काय? आणि घरातल्या जुन्या माणसांना मुलासमोर बोलते करावे, की करू नये? माझे वडील म्हणतात, जुनी मढी उकरू नका. पंच्याऐंशीच्या घरातली थोरली आत्या मात्र, विचारले तर सांगेन, असे म्हणते. ती सात-आठ वर्षांची होईपर्यंत तारेच्या आत होती.

ओसरी

ताई, मी मुलांच्या आणि पालकांच्या समुपदेशनाचे काम बावीस वर्षे करत आहे. तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचे उत्तर चुकले तर पुढचे सगळे चुकते.

भीती पुढच्या पिढीपर्यंत पोहोचते, पण ती 'रक्तात उतरते' ही भाषा आपण वापरू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. न्यूयॉर्कमधील रेचल येहुदा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2015 मध्ये ज्यूंच्या नरसंहारातून वाचलेल्या 32 व्यक्ती आणि त्यांची 22 मुले यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ताणाशी संबंध असलेल्या एका जनुकावरील रासायनिक खुणा त्यांच्यात वेगळ्या आढळल्या, असे त्यात नोंदवले आहे. त्या अभ्यासाचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु माणसे थोडी होती, आणि तो फरक जन्मतः आला की भेदरलेल्या घरात वाढल्यामुळे आला, हे अशा अभ्यासातून वेगळे काढता येत नाही. आपल्या संदर्भात तर याहून मोठी अडचण आहे. सुताराचा मुलगा जसा सुतार होतो तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगारच होतो, या समजुतीवर 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा उभा होता. ज्या घराला कायद्याने 'जन्मतःच गुन्हेगार' म्हटले, त्याच घरातल्या मुलाला आज आपण 'तुझ्या रक्तातच भीती आहे' असे सांगितले, तर तोच शिक्का वेगळ्या शाईने मारल्यासारखे होईल.

मग पोहोचते कशी? वागण्यातून पोहोचते, आणि तुम्ही लिहिलेल्या प्रत्येक ओळीत ती वाट स्पष्ट दिसते. रात्रीच्या फोनमधून, आडनाव विचारले की विषय बदलण्यातून, कोणी कौतुक केले तरी मान खाली घालण्यातून मूल शिकत जाते की जग कोणत्याही क्षणी अंगावर येऊ शकते. त्याला कारण कोणी सांगितलेले नसते, म्हणून ते कारण स्वतःमध्येच शोधते. तुमच्या भावाचा हातही त्याच शिकवणीतून उठला. बाहेरच्याने मारण्यापूर्वी आपणच मारून मुलाला नजरेआड राहायला शिकवायचे, ही रीत ज्या काळात निर्माण झाली त्या काळात तिने कदाचित मुले वाचवलीही असतील. मी त्या मारण्याचे समर्थन करत नाही. ते थांबलेच पाहिजे. पण भावाला 'तू वाईट बाप आहेस' असे सांगून ते थांबणार नाही. 'तू घाबरला होतास' असे कोणीतरी जवळच्याने म्हटले, तर थांबण्याची शक्यता आहे.

म्हणून इतिहास सांगण्याच्याही आधी एक काम करावे. भावाने मुलाजवळ बसून, शक्यतो तुमच्या घरच्या बोलीत, स्पष्ट शब्दांत म्हणावे की तुझी चूक नव्हती, चूक शाळेची होती, आणि मी तुला मारले ती माझी चूक होती. मुले हे वाक्य वर्षानुवर्षे जपून ठेवतात. दप्तर दाखवण्याची सवय रागावून मोडू नका. आईने दप्तराकडे न पाहता, 'मला पाहायची गरज नाही, डब्यात काय दिले आहे ते तूच पाहा' असे काहीतरी म्हणून त्याला मोकळे करावे. सुटायला काही आठवडे लागतील.

कुटुंबाच्या आधाराबद्दल तुम्ही विचारले आहे, तर न्यूझीलंडचे उदाहरण मला सगळ्यांत उपयोगी वाटते. तेथील माओरी समाजाची अशी तक्रार होती की सरकारी यंत्रणा आमची मुले आमच्या विस्तारित कुटुंबांपासून तोडून अनोळखी घरांत ठेवते आणि त्या निर्णयात आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी विचारत नाही. त्यानंतर 1989 मध्ये झालेल्या कायद्याने कुटुंबाची बैठक हा निर्णयप्रक्रियेचा अधिकृत भाग झाला. मूल, आईवडील, आजी-आजोबा, काका-मामा-आत्या एकत्र बसतात; सरकारी अधिकारी आणि तज्ज्ञ आपली माहिती सांगतात, आणि मग ते खोलीच्या बाहेर जातात. पुढचा वेळ कुटुंबाचा एकट्याचा असतो. तज्ज्ञाने उठून बाहेर जावे, ही गोष्ट आम्हा समुपदेशकांना शिकायला जड जाते, पण आधार खरा तेथेच तयार होतो.

तुम्ही घरी अशी बैठक घेणार असाल, तर एक सांगते. मुलाला मधोमध बसवू नका. मधोमध उभे राहणारा तो आरोपी, हे त्याने वर्गात नुकतेच अनुभवले आहे. त्याला आत्याच्या शेजारी, भिंतीला टेकून बसू द्या. कंटाळा आला तर उठून जाता येईल, असे आधीच सांगा. बोलण्याचा विषयही तो नसावा. विषय आपले घर असावे.

मात्र त्याची झोप किंवा जेवण बिघडत असेल, किंवा तो स्वतःला इजा करण्याबद्दल काही बोलला, तर बैठकीची वाट न पाहता मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. टेली-मानस या सरकारी सेवेचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. घरचा आधार आणि डॉक्टरांचे उपचार यांत निवड करावी लागत नाही.

पायवाट

ओसरीताईंनी मनाची बाजू नीट मांडली आहे. मी वस्त्यांवर काम करणारा माणूस आहे, त्यामुळे मी इतिहासाच्या बाजूने लिहितो. माझा अनुभव असा की आपल्या मुलांना भीती वारशाने मिळते, पण तिची तारीख मिळत नाही. तारीख नसलेली भीती मुलाला नशिबासारखी वाटते. कायद्याला मात्र जन्मतारीख असते, तो करणारे असतात आणि तो रद्दही होतो.

म्हणून आम्ही वस्तीवर बसतो तेव्हा भिंतीवर एक लांब कागद लावतो आणि त्यावर वर्षे लिहितो. 1871 मध्ये कायदा झाला, तो आधी उत्तरेकडच्या प्रांतांसाठी. 1911 मध्ये तो ब्रिटिश हिंदुस्थानभर लागू करता येईल असा झाला आणि बोटांचे ठसे घेण्याची तरतूद आली. 1924 मध्ये सगळ्या तरतुदी एकत्र करून नवा कायदा झाला. नोंदणी, हजेरी, गाव सोडायचे तर पास, आणि सेटलमेंट. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो देशभरातून गेला, म्हणून आपण 31 ऑगस्टला विमुक्त दिन पाळतो. मग प्रत्येक घराने त्या कागदावर आपली माणसे लिहायची. कोणाची आजी केव्हा जन्मली, कोण कोठून कोठे हलवले गेले, शाळेत पहिल्यांदा कोण गेले. अर्ध्या तासात मुले स्वतःच वडीलधाऱ्यांना प्रश्न विचारू लागतात, हे मी अनेकदा पाहिले आहे.

1924 च्या कायद्यातली एक तरतूद फार कमी लोकांना माहीत असते. सहा वर्षांवरील आणि अठरा वर्षांखालील मुलांना आईवडिलांपासून वेगळे काढून औद्योगिक, शेतकी किंवा सुधारगृहाच्या शाळांत ठेवण्याचा अधिकार सरकारला होता. कॅनडाने मूळनिवासी समाजांच्या दीड लाखांहून अधिक मुलांना निवासी शाळांत ठेवले, त्यांची भाषा बोलण्यावर शिक्षा केली, आणि 2015 मध्ये त्यांच्या सत्यशोधन आयोगाने ते सगळे नोंदवून 94 शिफारशी केल्या, हे आज जगाला ठाऊक आहे. आपल्याकडेही आईपासून मूल तोडणे कायद्यात लिहिलेले होते, आणि आपण त्याची मोजदादसुद्धा नीट केलेली नाही. ज्या आईचे मूल लहानपणीच वसतिगृहात नेले गेले, तिला लेकरू वाढवण्याचा अनुभव मिळाला नाही आणि त्या लेकराला आईबाप कसे वागतात ते पाहायला मिळाले नाही. पुढे ते लेकरू स्वतः बाप झाले, तेव्हा त्याच्याजवळ काय होते? आपल्या घरांतल्या मारझोडीबद्दल बोलताना हे लक्षात ठेवावे.

अमेरिकेतील लाकोटा समाजातल्या मारिया यलो हॉर्स ब्रेव्ह हार्ट या समाजकार्याच्या अभ्यासक. 'ऐतिहासिक आघात' ही कल्पना त्यांनी मांडली आणि रुजवली. 1890 च्या वूंडेड नी येथील हत्याकांडापासून निवासी शाळांपर्यंतचे दुःख समाजाने कधी मोकळेपणाने व्यक्त केले नाही, कारण त्याचे सुतक धरण्याची संधीच मिळाली नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांनी 45 लाकोटा व्यक्तींना एकत्र आणून आधी इतिहास समोर ठेवला, मग त्याचा मनावर काय परिणाम होतो ते समजावले, मग आपल्या परंपरेतील विधींच्या सोबतीने शोक करू दिला. हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपण बहुतेक वेळा शोकाची पायरी गाळतो आणि मुलांना एकदम 'अभिमान बाळगा' असे सांगतो.

शोकाबरोबर दुसरेही निघते. बायकांना वेगळे बसू दिले, तर हजेरी घेणाऱ्याला कसे चकवले याच्या गोष्टी निघतात, आणि सगळ्या जणी हसू लागतात. झाडपाल्याची माहिती, दगड घडवण्याचे कसब, गाणी, कोडी निघतात. मुलाच्या वाट्याला हेही आले पाहिजे. अहमदाबादच्या छारानगरमध्ये, जेथे छारा समाज राहतो, 1998 मध्ये तरुणांनी बुधन थिएटर सुरू केले. त्याच वर्षी पश्चिम बंगालमध्ये शबर समाजातील बुधन हा तरुण कोठडीत मरण पावला होता. त्याच्या मृत्यूवरचे नाटक त्यांनी आपल्याच वस्तीत आणि मग देशभर केले. लोक ज्यांच्याकडे चोर म्हणून पाहत, ती मुले सर्वांसमोर उभी राहून आपली गोष्ट स्वतः सांगू लागली. ज्यांनी नजरेआड राहायला शिकवले, ते आईवडील प्रेक्षकांत बसलेले असतात. याहून वेगळा उपचार मला ठाऊक नाही.

आता सावधगिरीची गोष्ट. 'संस्कृतीच्या आधाराने' असे म्हणताना जुने ते सगळे परत आणायचे नाही. जातपंचायतीने वाळीत टाकलेली कुटुंबे आणि कौमार्याच्या परीक्षेच्या नावाखाली अपमानित झालेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्यासाठीच महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करावा लागला. बैठकीत पंच नकोत. ज्याच्या मांडीवर मूल निर्धास्त झोपते, तो माणूस हवा.

आणि शाळेचा विषय सोडून देऊ नका. शिक्षणहक्क कायदा 2009, कलम 17 : शाळेत मुलाला शारीरिक शिक्षा किंवा मानसिक त्रास देण्यास मनाई आहे. लेखी तक्रार द्या. मुलाचे वडील, तुम्ही आणि नात्यातले आणखी एक जाणते माणूस असे तिघे जा. मागणी एवढीच ठेवा की ज्या वर्गासमोर दप्तर उपडे केले, त्याच वर्गासमोर चूक झाली असे सांगावे. वडील आपल्यासाठी शाळेत गेले, हे मुलाने पाहणे फार गरजेचे आहे. त्या कामात तुम्ही भावाच्या पुढे चालू नका, मागे राहा.

कंदील

वरच्या दोन्ही प्रतिसादांबद्दल आदर राखून मला एक हरकत नोंदवायची आहे. 'आघात' आणि 'भरून येणे' हे शब्द वापरले, की दुखापत जुनी असून आता फक्त मलमपट्टी उरली आहे असे गृहीत धरले जाते. या मुलाला झालेली जखम दोन महिन्यांपूर्वीची आहे. ती त्याच्या पणजोबांची नाही.

1952 मध्ये कायदा गेला, पण राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा आहे. त्यांत जमातीचे नाव नाही, तरी संशयाची बोटे कोणाकडे वळतात हे या धाग्यावरच्या सर्वांना माहीत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने 2007 मध्येच भारताला हा प्रकार रद्द करण्याची शिफारस केली होती. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावलींतील जातीवर आधारित भेदभाव घटनाबाह्य ठरवला, तेव्हा विमुक्त जमातींना जन्मजात गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी स्वतंत्र भारताच्या नियमपुस्तकांत तोपर्यंत टिकून होत्या, हे सर्वांसमोर आले. विमुक्त-भटक्या जमातींसाठी नेमलेल्या रेणके आयोगाने 2008 मध्ये अहवाल दिला, त्यानंतर त्यासाठीच इदाते आयोग झाला. तरीही जागेचा उतारा आणि जातीचा दाखला यांसाठी माणसे खेटे घालतच आहेत.

संस्कृतीचा उपयोग नाही असे मी म्हणत नाही. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात मायकल चँडलर आणि ख्रिस्तोफर लालोंड यांनी जवळजवळ 200 मूळनिवासी समूहांतील तरुणांच्या आत्महत्यांचा अभ्यास केला. तो 1998 मध्ये प्रसिद्ध झाला. काही समूहांत आत्महत्येचे प्रमाण भयंकर होते, तर काहींत त्या काळात एकही तरुण आत्महत्येने गेला नव्हता. त्यांनी सांस्कृतिक सातत्याच्या सहा खुणा पाहिल्या, आणि सहाही खुणा ज्यांच्याकडे होत्या तेथे एकही आत्महत्या आढळली नाही. त्या खुणा कोणत्या, ते पाहण्यासारखे आहे : स्वशासन, जमिनीवरचा दावा, शाळेवर, आरोग्यसेवेवर, पोलीस आणि अग्निशमन सेवेवर आपले नियंत्रण, आणि सांस्कृतिक कार्यासाठी जागा. अशा तुलनेवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे मान्य. तरी सहापैकी पाच खुणा सत्ता कोणाच्या हातात आहे याबद्दलच्या आहेत, आणि गाणी-सण यांच्याजवळ जाणारी एकच. आपल्याकडे 'संस्कृती जपा' म्हणणारे नेमकी तीच एक उचलतात.

त्यामुळे ताई, कुटुंबाची बैठक जरूर घ्या, पण सगळे बरे करण्याचे ओझे तुमच्या घरावर घेऊ नका. ज्याने दप्तर उपडे केले, त्याला सुधारायची गरज मुलापेक्षा अधिक आहे. पायवाट यांनी सुचवलेले पत्र हा माझ्या मते या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा उपचार आहे.

गोधडी

मी थोडेच लिहिते. माझ्या आजीला मी असेच बोलते केले होते. उत्साहाच्या भरात रात्री जेवणानंतर फोनवर सगळे ध्वनिमुद्रित केले. ती दोन तास बोलली, आम्ही सगळे रडलो, आणि मग आम्ही झोपलो. ती झोपली नाही. नंतर चार-पाच दिवस ती दाराची कडी पुन्हा पुन्हा तपासत होती. माझी चूक मला फार उशिरा कळली.

म्हणून एवढेच सांगते की आत्यांना दिवसा, उन्हे असताना बोलू द्या. ध्वनिमुद्रण करायचे तर आधी विचारा, आणि नको म्हणाल्या तर फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. त्या मध्येच थांबल्या तर 'मग पुढे काय झाले' असे विचारू नका. त्या रात्री कोणीतरी त्यांच्या शेजारी अंथरूण घालावे. तुमच्या वडिलांनाही बैठकीला बसण्याची सक्ती करू नका. ते बाहेर अंगणात बसून ऐकतील, तेही बसणेच आहे.

तिसरी पिढी

तीन आठवड्यांनी लिहीत आहे. सर्वांचे मनापासून आभार. प्रत्येकाने वेळ काढून लिहिले, आणि कंदील यांची हरकत मी भावाला मोठ्याने वाचून दाखवली. 'जखम दोन महिन्यांपूर्वीची आहे' या वाक्यावर तो उठून बाहेर गेला. त्याच रात्री तो मुलाच्या खोलीत जाऊन बसला. काय बोलला ते मी विचारले नाही, पण दाराबाहेर आमच्या बोलीतले शब्द ऐकू येत होते, आणि तो मुलांशी त्या बोलीत कधी बोलत नसे.

रविवारी सकाळी आम्ही अकरा जण आत्याच्या घरी जमलो. गोधडीताईंनी सांगितले तसे सगळे केले. वडील खरोखरच बाहेर अंगणात बसले. मी कागदावर वर्षे लिहून नेली होती. मुलाने ती भिंतीवर चिकटवली आणि 1871 ते 1952 किती वर्षे होतात याची वजाबाकी करून 81 हा आकडा कोपऱ्यात लिहिला.

मला येथे एक दुरुस्ती करायची आहे. आजी हजेरीची नक्कल करत होती, असे मी प्रश्नात लिहिले होते आणि इतकी वर्षे तसेच समजत होते. मी ते आत्याला सांगितले, तर ती जवळजवळ रागावली. तिने सांगितले की सेटलमेंटमध्ये मोठ्या मुलांना आईवडिलांपासून वेगळ्या बराकीत ठेवले होते. तेथे रखवालदार घेत असे ती हजेरी निराळी. तो नावे घेत नसे, नुसती डोकी मोजत असे. संध्याकाळी कामावरून आल्यावर माझी आजी कुंपणाशी येऊन उभी राही आणि पलीकडे असलेल्या आपल्या तिन्ही मुलांना एकेकाचे घरचे नाव घेऊन हाक मारत असे. मुले पलीकडून उत्तर देत. तिघांची उत्तरे आली की ती परत जाई. त्याबद्दल तिला दोनदा दंड झाला, तरी तिने ते सोडले नाही. बाहेर आल्यावर आम्हा नातवंडांना ती जी हाक मारायची, ती हीच.

हे ऐकताना बाहेर बसलेले वडील केव्हा उठून दारात आले ते आम्हाला कळले नाही. ते काही बोलले नाहीत; आत्याच्या शेजारी येऊन बसले, एवढेच.

मुलाने आत्याला विचारले की तुम्ही पलीकडून काय उत्तर द्यायचा. आमच्याकडे 'आहे' हा मराठी शब्द पुढे आला, पण तारेच्या आत ते उत्तर आमच्या बोलीतले होते. आत्याने तो शब्द सांगितला आणि त्याने तो दोन-तीनदा म्हणून पाहिला. आत्याच्या शेजारी त्या रात्री तोच झोपला.

शाळेला पत्र सोमवारी दिले. भाऊ पुढे होता, मी आणि मामा मागे. मुख्याध्यापकांनी पोच दिली आहे, उत्तर अजून आलेले नाही. पंधरा दिवसांत आले नाही तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचे ठरले आहे. त्यासाठी अर्ज कसा लिहावा, हे पायवाट यांनी कृपया सांगावे. दप्तर तो अजून सकाळी दाखवतो. संध्याकाळी दाखवायचे मात्र गेल्या गुरुवारपासून बंद झाले आहे.